पोटातल्या जिवाणूंची मोजदाद

शौचाचा नमुना डबीत भरून पाठवा आणि आतड्यातल्या जिवाणूंचा अहवाल मिळवा, अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर येतात. काही हजार रुपये भरले की रंगीत कागद हाती पडतो. अमुक जिवाणू कमी, तमुक जास्त, म्हणून दूध बंद करा, गहू सोडा. पैसे देण्याआधी आणि लेकराच्या ताटातला घास काढण्याआधी ही मोजणी होते कशी, ते आज आपण पाहू.

प्रयोगशाळेत कुणी एकेक जिवाणू मोजत बसत नाही. नमुन्यातले जिवाणू फोडून त्यांचा डीएनए काढतात, तो यंत्रावर वाचतात आणि संगणकातल्या यादीशी जुळवतात. काही जिवाणूंचं कवच टणक असतं. ते नीट फुटलं नाही, तर ते हिशेबात कमी दिसतात. उलट, मेलेल्या जिवाणूंचा डीएनएसुद्धा मोजला जातो. म्हणून एकच नमुना दोन ठिकाणी दिला, तर उत्तरं वेगळी येऊ शकतात. शिवाय शौचात जे सापडतं, तेच आतड्याच्या अस्तरावर असेल असं नाही.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. समजा डब्यात १० किलो ज्वारी आणि १० किलो बाजरी आहे. बाजरी झाली ५० टक्के. आता ५ किलो ज्वारी काढून घेतली, तर बाजरी ६७ टक्के होते. बाजरीचा एक दाणाही वाढलेला नाही! बहुतेक अहवालांत असे टक्केच असतात. ‘जिवाणू वाढले’ म्हणजे ते खरंच वाढले, की दुसरे घटले, हे त्यावरून कळत नाही.

तिसरी गोष्ट भेसळीची. तपासणीच्या रसायनांतही जिवाणूंचा थोडा डीएनए असतो. नमुन्यात मुळात जिवाणू कमी असतील, तर ही भेसळच मोठी दिसते. बाळंतपणातल्या वारेचं असंच झालं. वारेत कायमचे जिवाणू राहतात, असं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या संशोधकांनी ५०० हून जास्त स्त्रियांच्या वारा काळजीपूर्वक तपासल्या. सापडलेला बहुतेक डीएनए रसायनांतून किंवा प्रसूतीच्या वेळी लागलेला निघाला. थोड्या वारांत रोगजंतू खरोखर होते, पण वारेचे स्वतःचे कायमचे जिवाणू नव्हते. शौचात जिवाणू भरपूर, म्हणून तिथे हा धोका कमी. तरी कोरा नमुना सोबत तपासला का, हे विचारायलाच हवं.

मग हे सगळं शास्त्र खोटं का? नाही. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या एका हट्टी जुलाबावर निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू देऊन गुण येतो, हे सिद्ध झालं आहे. पण घरोघरी पाठवलेल्या डबीवरून कुणी काय खावं हे सांगण्याइतकी ही मोजणी अजून पक्की नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. अशा कागदावरून मुलांचं खाणं तोडू नका. डॉक्टर जंतांसाठी किंवा रक्तासाठी शौच तपासायला सांगतात, ती तपासणी वेगळी, ती जरूर करा. शौचात रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा जुलाब थांबेनात, तर अहवालाची वाट न पाहता दवाखाना गाठा.