शनीची उलट्या चालीची फीबी

गच्चीवर दुर्बिणीतून शनी दाखवला की पोरं कड्यांवरच खूश. मी मात्र त्यातून न दिसणाऱ्या फीबीचं पुराण लावतो. जेमतेम २१३ किलोमीटरचा, कोळशासारखा काळा चंद्र. शनीचे मोठे चंद्र एका दिशेने फिरतात, ही बया उलटी. एका फेरीला साधारण ५५० दिवस. म्हणजे घरची नव्हे, शनीने बाहेरून धरून आणलेली असावी. १८९९ मध्ये विल्यम पिकरिंग यांना ती पेरूतल्या आरेकिपाहून टिपलेल्या फोटोंच्या काचांवर सापडली: तारे जागच्या जागी, एक ठिपका तेवढा सरकलेला! जून २००४ मध्ये कॅसिनी यान जवळून गेलं, तेव्हा विवरांच्या कडांवर काळ्या थराखालचा पांढरा बर्फ उघडा पडलेला दिसला. त्यानंतर तिच्याकडे एकही यान फिरकलेलं नाही.