पोलिओ गेला, मग दोन थेंब कशाला?

पल्स पोलिओच्या रविवारी वस्तीत फिरताना आम्हाला हा प्रश्न दारोदारी ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. भारतातला मूळ पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे, आणि मुंबईत जगभरची माणसे येतात.

हा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. बहुतेक मुलांना काहीच होत नाही. काहींना थोडा ताप, अंगदुखी. म्हणूनच तो गुपचूप पसरतो. लागण झालेल्या साधारण २०० मुलांपैकी एकाच्या मज्जारज्जूतल्या पेशी तो मारतो. मग पाय लुळा पडतो. स्पर्श कळतो, पण पाय हलत नाही. श्वासाचे स्नायू गेले तर जीव जातो. मेलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही.

मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जातात. शहरात एकही मूल लुळे पडलेले नसताना नाल्यात विषाणू सापडल्याचे प्रसंग घडले आहेत. मूळ विषाणू इथे शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. घाटकोपर असो की मुलुंड, जिथे शौचालय सामायिक आणि पाण्याचा पाइप गटारातून जातो, तिथे लस न घेतलेले मूल आधी सापडते. स्वच्छ पाणी आणि शौचालय हा आपला हक्क आहे, तो मागत राहू. पण तोवर बाळाला थांबवू नका.

डोस असे: जन्मताच थेंब, मग ६, १०, १४ आठवड्यांना थेंब, दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर. सोबत ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना पोलिओचे इंजेक्शन. हे सगळे हेल्थ पोस्टवर मोफत मिळते. गावी गेल्याने डोस चुकला? कार्ड घेऊन जा, सिस्टर पुढचा डोस देतील. रविवारचे थेंब पाच वर्षांपर्यंत दर वेळी पाजा. जास्त झाले म्हणून अपाय होत नाही.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला तर मालिश, अंगारा करत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने तपासायला जावे लागतात.

शेजारच्या घरातले कार्डही पाहा. एक मूल सुटले तर धोका सगळ्या गल्लीला आहे.