एका अक्षराचा फरक

प्रतिजैविक औषध रुग्णाच्या पेशी वगळून नेमके जिवाणूंनाच कसे मारते, या प्रश्नाचे रेणूंच्या पातळीवरचे उत्तर ज्यांच्या संशोधनातून मिळाले, त्यांपैकी वेंकटरमण रामकृष्णन यांची जडणघडण बडोद्यात झाली. त्यांचे वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि त्याच विद्यापीठातून रामकृष्णन १९७१ मध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले.

पेशीत प्रथिने घडवणारा रायबोसोम हा कण दोन भागांचा असून त्यांतील लहान भाग जनुकाकडून आलेला संदेश वाचतो. रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधील गटाने २००० साली एका उष्णताप्रिय जिवाणूच्या या लहान भागाची अणूंपर्यंतची रचना क्ष-किरणांनी उलगडली. या क्षेत्रातील कार्यासाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांच्यासमवेत मिळाले. अमिनो आम्ल घेऊन येणारा वाहक रेणू संदेशाशी जुळतो की नाही, हे रायबोसोमच्या आरएनएमधील दोन अ‍ॅडेनिन घटक बाहेर वळून तपासतात; पॅरोमोमायसिन या प्रतिजैविकाचा रेणू शेजारी बसला, की ते जुळणी नसतानाही बाहेर वळतात, चुकीची आम्ले स्वीकारली जातात आणि सदोष प्रथिनांपायी जिवाणू मरतो.

माणसाच्या पेशीद्रवातील रायबोसोममध्ये तो रेणू बसतो त्या खाचेत एका अ‍ॅडेनिनच्या जागी ग्वानिन असल्याने औषध तेथे नीट बसत नाही. मात्र ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे रायबोसोम वेगळे, जिवाणूंशी अधिक साम्य असलेले असतात. तंतुकणिकांच्या डीएनएत १५५५ व्या स्थानी अ‍ॅडेनिन जाऊन ग्वानिन आले, तर हे साम्य आणखी वाढते आणि पॅरोमोमायसिनच्याच गटातील जेंटामायसिनचे जीव वाचवणारे इंजेक्शन अंतर्कर्णातील केशपेशी मारून कायमचा बहिरेपणा आणू शकते.

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाल्यास उपचार तासाभरात सुरू व्हावे लागतात. म्हणून बाळाच्या गालाच्या आतील नमुन्यावरून सुमारे अर्ध्या तासात हा बदल ओळखणारी, मँचेस्टरमध्ये अजमावलेली चाचणी फार मोलाची आहे. भारतात जेंटामायसिन स्वस्त आणि सर्रास वापरात असल्याने ते सोडणे शक्य नाही आणि योग्यही नाही. परंतु हा दोष केवळ आईकडूनच येत असल्यामुळे, बाळाची आईकडची आजी, मामा किंवा मावशी यांपैकी कोणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले होते का, हे चाचणी नसलेल्या प्रसूतिगृहातही आधी विचारता येते.