कुलपाची देखभाल कोणाकडे?

इंटरनेट बँकिंगचे पान उघडले की पत्त्याच्या चौकटीत कुलपाचे एक लहानसे चित्र दिसत असे. काही ब्राउझरवर ते आजही दिसते. त्या चित्राकडे पाहून ग्राहक निर्धास्त होतो आणि आपला परवलीचा शब्द टंकित करतो. ग्राहकाचा संगणक आणि बँकेचा संगणक यांच्यातील देवाणघेवाण तिऱ्हाइताला वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक रूपात पाठविली जाते. हे काम करणाऱ्या आज्ञावली प्रत्येक बँक, प्रत्येक दुकान किंवा प्रत्येक सरकारी खाते स्वतः लिहीत बसत नाही. जगभरातील असंख्य सर्व्हरवर त्यासाठी ‘ओपनएसएसएल’ नावाचा आज्ञावलींचा संच वापरला जातो. एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या आधीच्या कामावर डिसेंबर १९९८ मध्ये उभा राहिलेला हा प्रकल्प मुक्त स्रोत पद्धतीचा आहे. त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येते, वापरता येते, तीत सुधारणा करता येते आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन अर्थ निघतात आणि या चळवळीच्या पुरस्कर्त्यांना त्याचा खुलासा गेली चाळीस वर्षे करावा लागत आहे. मराठीला ती अडचण नाही. ‘मुक्त’ वेगळे आणि ‘मोफत’ वेगळे, हे आपली भाषाच सांगते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य. किमतीचा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. त्यांनी घडविलेला परवाना सॉफ्टवेअर विकण्यास मुळीच मनाई करीत नाही. व्यवहारात मात्र बहुतेक कंपन्यांनी ‘मुक्त’मधील फक्त ‘मोफत’ तेवढे उचलले. वस्तू खरेदी केलेली नसल्याने हिशेबाच्या वहीत तिची नोंद नाही. नोंद नाही म्हणून घसारा नाही आणि दुरुस्तीची तरतूदही नाही. वस्तू झिजत मात्र राहते.

न मोजलेले पाकीट

या झिजेची जाणीव जगाला ७ एप्रिल २०१४ रोजी झाली. त्या दिवशी ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. गूगलचे नील मेहता आणि फिनलंडमधील कोडेनॉमिकॉन या कंपनीचे अभियंते यांना तो स्वतंत्रपणे सापडला होता.

दोषाचे स्वरूप बँकेच्या ग्राहकाला चटकन उमजेल असे आहे. दोन संगणकांमधील संपर्क जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याकडे छोटासा मजकूर पाठवतो, त्याची लांबी सांगतो आणि तोच मजकूर परत मागतो. समजा, एखाद्याने बंद पाकिटात एकच नोट घालून वर ‘५०० नोटा’ असे लिहिले आणि ते रोखपालाच्या हाती दिले. थोड्या वेळाने त्याने पाकीट परत मागितले. रोखपालाने आत किती नोटा आहेत ते न मोजता, वरच्या आकड्यावर विश्वास ठेवून, उरलेल्या ४९९ नोटा शेजारच्या गल्ल्यातून उचलून दिल्या, तर काय होईल? ओपनएसएसएल नेमके हेच करीत होते. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर सर्व्हरच्या स्मृतीतून बाहेर जात असे. आणि त्या स्मृतीत दुसऱ्या कोणाचा परवलीचा शब्द असू शके, इतकेच काय, सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा असू शके. विशेष म्हणजे या चोरीची कोणतीही खूण सर्वसाधारण नोंदींत मागे राहत नसे.

जगातील सुरक्षित सर्व्हरांपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे जवळपास ५ लाख सर्व्हर या दोषाच्या कक्षेत असल्याचा अंदाज नेटक्राफ्ट या संस्थेने त्या वेळी वर्तविला. कॅनडाच्या महसूल खात्याला ऐन विवरणपत्रांच्या हंगामात आपली ऑनलाइन सेवा बंद ठेवावी लागली. तरीही तत्पूर्वी सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेलेच. विवरणपत्र भरण्याची मुदत ३० एप्रिलवरून ५ मेपर्यंत वाढवावी लागली.

ही चूक आली कोठून? जर्मनीतील एका संशोधक विद्यार्थ्याने लिहून दिलेली ही भर २०११ च्या अखेरच्या रात्री, नववर्षाला अवघा तासभर उरला असताना, मूळ संहितेत दाखल झाली होती. प्रकल्पातील एका ज्येष्ठ सदस्याने ती तपासली होती. पण लांबी पडताळून पाहणारी एक अट राहून गेली आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नाही आणि तपासणाऱ्याच्याही नाही. बँकेतील प्रत्येक महत्त्वाचा व्यवहार एकाने नोंदवावा आणि दुसऱ्याने मंजूर करावा, हा दंडक वाचकांना ठाऊक आहे. येथेही दोन हात होते. परंतु त्यानंतर ना समवर्ती लेखापरीक्षण, ना वार्षिक तपासणी. मार्च २०१२ मध्ये ही आवृत्ती वितरित झाली आणि दोन वर्षे जगाने ती निःशंकपणे वापरली.

खरा धक्का पुढेच होता. ज्या आज्ञावलींवर जगाचा ऑनलाइन व्यापार विसंबून होता, त्यांच्यासाठी पूर्ण वेळ झटणारा माणूस जेमतेम एक होता. प्रकल्पाची आर्थिक बाजू सांभाळणारे स्टीव्ह मार्क्वेस यांनी जाहीर केले, की निव्वळ देणगी म्हणून प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर मिळत. एवढ्या रकमेत एखाद्या मध्यम शाखेच्या वातानुकूलन यंत्रणेची निगासुद्धा धड राहायची नाही!

न दिसणारे काम

नवे सॉफ्टवेअर लिहिणे हे उत्साहाचे काम आहे आणि त्याला वाहवाही मिळते. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्सचा आरंभ केला, ही कथा अनेकदा सांगितली जाते. मात्र आरंभानंतरची वर्षे कशी जातात, हे क्वचितच कोणी सांगतो. प्रकल्प सांभाळणाऱ्या देखभालकर्त्याकडे जगभरातून दोषांच्या तक्रारी येतात. त्यांतील खऱ्या कोणत्या, गैरसमजातून आलेल्या कोणत्या, हे निवडावे लागते. अनोळखी लोक दुरुस्त्या लिहून पाठवतात. त्या ओळ न् ओळ वाचाव्या लागतात, कारण एकदा स्वीकारलेली दुरुस्ती पुढे त्यालाच निस्तरायची असते. जुन्या यंत्रांवर चालणारे काही बिघडणार नाही, हे पाहावे लागते. शिवाय ‘माझे काम अडले आहे, उत्तर कधी देणार?’ असे दरडावून विचारणाऱ्यांची समजूत काढावी लागते. यांतील पुष्कळ जण नोकरी सांभाळून रात्री वा रविवारी हे काम करतात. ग्राहकसेवेच्या खिडकीमागे बसलेल्या कोणालाही हा अनुभव परका वाटणार नाही. फरक इतकाच, की खिडकीमागच्या माणसाला महिनाअखेर वेतन मिळते.

हार्टब्लीडनंतर मदत आली, आणि ती लवकर आली. त्याच एप्रिलमध्ये लिनक्स फाउंडेशनने ‘कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह’ या निधीची घोषणा केली. गूगल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, ॲमेझॉन आदी कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला १ लाख डॉलर, याप्रमाणे तीन वर्षे देण्याचे मान्य केले. त्यातून ओपनएसएसएलसाठी दोन पूर्णवेळ विकासकांची सोय झाली. भारतातही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंगळुरूच्या झेरोधा या दलाली पेढीने मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत साहाय्य देणारा निधी जाहीर केला. जी पेढी या सॉफ्टवेअरवर उभी राहिली, तिनेच त्याचा काही वाटा परत करावा, यात व्यापारी शहाणपणही आहे.

या शहाणपणाला आकड्यांचाही आधार आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलशी संबंधित संशोधकांनी २०२४ मध्ये असा हिशेब मांडला, की जगात सर्रास वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहून काढायचे, तर सुमारे ४१५ कोटी डॉलर पुरतील. पण ते वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला स्वतंत्रपणे तयार करावे लागले, तर हा आकडा ८.८ लाख कोटी डॉलरवर जाईल. या मूल्याचा ९६ टक्के भाग विकासकांपैकी केवळ ५ टक्के लोकांच्या कामातून निर्माण होतो, असेही त्यांना आढळले. इतकी मोठी जोखीम इतक्या थोड्या खांद्यांवर असणारे कर्जप्रकरण कोणताही सावध अधिकारी सहजासहजी मंजूर करणार नाही.

शिवाय मदत मिळते ती प्रामुख्याने ज्याचे नाव झाले आहे त्या प्रकल्पाला. कोपऱ्यात मुकाट्याने काम करणारे लहान प्रकल्प नजरेआड राहतात.

अर्ध्या सेकंदाचा उशीर

‘एक्सझेड’ हा असाच एक लहान प्रकल्प. फाइल आटोपशीर करून तिचे आकारमान कमी करणे, एवढेच त्याचे काम. परंतु लिनक्सच्या बहुतेक प्रणालींमध्ये तो अंतर्भूत असतो. फिनलंडचे लासे कॉलिन अनेक वर्षे तो जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारी एक व्यक्ती दुरुस्त्या पाठवू लागली. काम नीटनेटके होते. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी कॉलिन यांच्यामागे लकडा लावला, की प्रकल्प रेंगाळतो आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. कॉलिन यांनी आपली प्रकृतीची अडचण मोकळेपणाने सांगितली आणि हे वेतनाविना केले जाणारे छंदाचे काम आहे, याचीही आठवण करून दिली. अखेरीस त्यांनी मदतीस आलेल्या त्या व्यक्तीला अधिकार दिले. थकलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

बचत खाते उघडायचे तर छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मुक्त प्रकल्पात ओळखपत्र कोणी मागत नाही; केलेले काम हीच ओळख. ही या क्षेत्राची थोर परंपरा आहे, तिच्यामुळेच कोणत्याही गावातला विद्यार्थी जगाच्या कामात हातभार लावू शकतो. येथे त्याच विश्वासाचा घात झाला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये एक चोरदरवाजा दडविलेला होता. चाचणीसाठी ठेवलेल्या, वरकरणी निरुपद्रवी फाइलींत तो लपविला होता. त्याद्वारे बाधित सर्व्हरमध्ये दुरून शिरकाव करता आला असता.

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंते पोस्टग्रेस या विदासंचाच्या चाचण्या घेत होते. दुरून संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, हे त्यांना खटकले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. फ्रॉइंड यांनी कारण शोधत शोधत मूळ गाठले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते सर्वांसमोर मांडले. संहिता खुली नसती, तर त्यांना इतक्या खोलवर जाता आले असते का, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. बाधित आवृत्त्या तोवर प्रामुख्याने चाचणीच्या टप्प्यावरील प्रणालींतच पोहोचल्या होत्या. त्यामुळे फार मोठा अनर्थ टळला. जिया टॅन या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही.

लासे कॉलिन परत आले. त्यांनी संहितेतील संशयास्पद बदल पुन्हा तपासले, चोरदरवाजाच्या फाइली काढून टाकल्या आणि २९ मे २०२४ रोजी ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली. तीही नेहमीप्रमाणे विनामूल्य उपलब्ध झाली.