हिमप्रदेशांतील उंची मोटार

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील सुशिक्षित कुटुंबांत आज असें घर विरळाच सांपडेल, कीं ज्या घरचा एखादा मुलगा, पुतण्या किंवा भाचा टोरांटो, बोस्टन, शिकागो अथवा मिनियापोलिस अशा एखाद्या शहरीं नोकरीस नाहीं. अशा घरीं केव्हां तरी एक छायाचित्र येतें. दारासमोर नवी, काळी किंवा रुपेरी मोटार. तिच्यावर कुंकवाचें स्वस्तिक. चाकाखालीं ठेवलेलें लिंबू. आणि शेजारीं जाड कोट घातलेले चिरंजीव व सूनबाई. मर्सिडीझ, बी. एम. डब्ल्यू., ऑडी, लेक्सस यांपैकीं कोणतें तरी नांव खालीं लिहिलेलें असतें. घरांतील वडील मंडळी चष्मा पुसून तें छायाचित्र पाहतात, आणि पहिला उद्गार बहुधा असाच निघतो, "बरें झालें हो! तिकडे बर्फ पडतें. मोठी, भारी गाडी घेतली तें चांगलेंच केलें."

या उद्गारामागें माया आहे हें निर्विवाद. परंतु मोठी, जड व महाग मोटार बर्फावर आपोआप अधिक सुरक्षित असते ही समजूत मात्र चुकीची आहे. आणि मुलगाही मनांतून तीच समजूत बाळगून भरधाव जाऊं लागला, तर ती जिवावर बेतूं शकते. म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह करण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या मुलांची बाजू. आपल्याकडे परदेशांतून तयार होऊन येणाऱ्या मोठ्या मोटारींवरील आयातशुल्क वर्षानुवर्षें शंभर टक्क्यांच्या घरांत होतें. त्यामुळें अशी मोटार म्हणजे कारखानदार आणि नटनट्या यांचें वैभव, असें आपल्या मनांत ठसून गेलें आहे. तिकडे तीच मोटार बऱ्या पगाराच्या अभियंत्याला तीन वर्षांच्या भाडेकरारानें, महिन्याचा हप्ता भरून मिळते. शिवाय बाहेर उणे वीस अंश असतां जें आसन पाठीला ऊब देतें, जें स्टीअरिंग बोटें गोठूं देत नाहीं, त्याला उधळपट्टी म्हणणें आम्हांस तरी योग्य वाटत नाहीं. पैसा असेल तर अवश्य घ्यावी. मात्र या सुखसोयी शरीराच्या आहेत. रस्त्याशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं.

बर्फ या एकाच फारसी शब्दावर आपण मराठीभाषक सगळा कारभार चालवितों. सरबतांत टाकतों तें बर्फ, आणि हिमालयावर पडतें तेंही बर्फच. संस्कृतांत हिम, तुषार, तुहिन, नीहार, प्रालेय अशीं नांवें आहेत, पण तीं आतां काव्यापुरतींच उरलीं. हिमप्रदेशांत मोटार चालविणाऱ्याला मात्र बर्फाचे प्रकार डोळ्यांनीं ओळखावे लागतात. नुकतें पडलेलें भुसभुशीत हिम पिठासारखें असतें. त्यांत चाक थोडें रुततें, म्हणून कांहीं पकड मिळते. तेंच शेंकडों चाकांखालीं दडपलें कीं फरशीसारखें गुळगुळीत होतें. दुपारीं मिठानें व उन्हानें अर्धवट वितळून त्याचा चिखल होतो, आणि रात्रीं तोच चिखल गोठून दगड बनतो. या सर्वांहून भयंकर तें 'काळें बर्फ'. तें मुळीं काळें नसतेंच. डांबरावर धरलेला तो पारदर्शक पापुद्रा असतो, आणि पाहणाऱ्याला रस्ता केवळ ओला वाटतो. पुलावर तें सर्वांआधीं धरतें, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. जूनच्या पहिल्या सरीनंतर आपल्या पूर्व द्रुतगती मार्गावर तेल आणि पाणी मिसळून दुचाक्या कशा पटापट आडव्या होतात, हें ज्यानें पाहिलें असेल, त्याला या प्रकाराची थोडी कल्पना येईल.

आतां थोडें गणित. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर सुमारें १५ मीटरांत उभी राहते. दडपलेल्या बर्फावर तिला ५० मीटर लागतात, आणि निव्वळ गोठलेल्या पाण्यावर १०० मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या लोकलच्या जवळजवळ पांच डब्यांइतकें अंतर. वेग दुप्पट केला कीं हें अंतर चौपट होतें. येथें कोणी म्हणेल, जड गाडी रस्ता धरून राहते. परंतु या हिशेबांत वजन येतच नाहीं. गाडी जितक्या पटीनें जड, तितक्या पटीनें घर्षण वाढतें, आणि थांबवावयाचा भारही तितक्याच पटीनें वाढतो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचें वस्तुमान छेदून जातें. दोन-अडीच टनांची मोटार आणि तिच्या निम्म्या वजनाची मोटार बर्फावर सारख्याच घसरतात. जड मोटार ज्याच्यावर आदळते त्याचें नुकसान अधिक होतें, एवढाच फरक.

मग इतकी किंमत मोजून मिळालेल्या यंत्रसामग्रीचें काय? ती खोटी नाहीं. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊं न देणारी बॉश कंपनीची योजना १९७८ मध्यें मर्सिडीझच्या मोठ्या मोटारींत आली. घसरत्या गाडीचें एकेक चाक स्वतंत्रपणें आवरून तिला वाटेवर आणणारी योजना १९९५ मध्यें आली, तीही तेथेंच. परंतु श्रीमंताच्या दारीं आलेली सुधारणा पुढें सर्वांच्या दारीं जाते. अमेरिकेंत २०१२ सालच्या नमुन्यांपासून घसरण आवरणारी ही योजना प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली. तेव्हां मर्सिडीझमध्यें आहे आणि साध्या टोयोटांत नाहीं, असें या बाबतींत फारसें उरलें नाहीं. राहतां राहिली चारही चाकांना जोर देण्याची योजना, जी १९८० मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ऑडीनें आपल्या क्वाट्रो मोटारीबरोबर मांडली आणि जिचा आतां मोठा बोलबाला आहे. "काका, माझी गाडी चारही चाकांनीं ओढते, मग टायर बदलायचे कशाला?" असें आमच्या एका पुतण्यानें टोरांटोहून विचारलें होतें. त्याला उत्तर एवढेंच कीं, हा जोर गाडी निघावयास आणि चढ चढावयास उपयोगी; थांबावयास नव्हे. ब्रेक तर प्रत्येकच मोटारीच्या चारही चाकांना असतात. उलट अशी गाडी इतक्या सुखानें निघते कीं रस्ता निसरडा आहे हें चालकाला कळतच नाहीं; तें पहिल्या वळणावर कळतें.

मोटार आणि पृथ्वी यांची गांठ पडते ती फक्त चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाणीं साधारण तळहाताएवढ्या जागेंत. तेव्हां पैसे खर्चावयाचे तर तेथें. उन्हाळी टायरचें रबर सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं ताठर होऊं लागतें. हिवाळी टायरचें रबर कडाक्याच्या थंडींतही मऊ राहतें, आणि त्यावरील असंख्य बारीक चिरा हिमाला धरून ठेवतात. सांताक्रूझच्या वेधशाळेंत नोंदलेलें आजवरचें नीचतम तपमान ७.४ अंश आहे, आणि तें २२ जानेवारी १९६२ चें. म्हणजे ज्या अंशापासून तिकडची काळजी सुरू होते, त्या अंशापर्यंत आपलें उपनगर कधीं उतरलेंच नाहीं. त्यामुळें टायरलाही ऋतु असतो ही गोष्ट आपल्या घरांतून कोणी कोणाला शिकविलेली नसते, आणि आपला मुलगा ती वयाच्या तिसाव्या वर्षीं परक्या देशांत प्रथम ऐकतो.

यांत गंमत अशी, कीं या बाबतींत उंची मोटार कित्येकदां साध्या मोटारीहून उणी ठरते. ऐट दिसावी म्हणून तिला मोठीं चाकें आणि त्यांवर रुंद, पातळ कडेचे टायर बसविलेले असतात. वेगवान नमुन्यांना तर निव्वळ उन्हाळी टायर असतात. रुंद टायर ताज्या हिमावर तरंगतो, अरुंद टायर तें कापून खालीं उतरतो. म्हणून हिवाळ्यासाठीं, कंपनीच्या पुस्तिकेंत परवानगी असेल तर, एक-दोन इंच लहान चाकांचा निराळा संच घ्यावा. तो स्वस्तही पडतो, आणि गोठण्या-वितळण्यानें रस्त्यांत पडलेल्या खड्ड्यांत तुटतही नाहीं. खड्ड्यांविषयीं मुंबईकराला अधिक सांगणें नको. टायरच्या कडेवर तीन शिखरें व त्यांत हिमकण असें चिन्ह पाहून घ्यावें. नुसत्या 'सर्व ऋतूंसाठीं' या शब्दांवर विसंबूं नये. हवाही थंडीनें आकसते. दर साडेपांच अंशांमागें टायरमधील दाब सुमारें एक पौंडानें उतरतो, म्हणून तो वरचेवर तपासावा लागतो.

कॅनडांतील क्युबेक प्रांतानें २००८ पासून हिवाळी टायर कायद्यानें सक्तीचे केले. आतां १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदत आहे. शेजारच्या ऑंटारियोंत, जेथें टोरांटो आहे व आपलीं पुष्कळ मराठी कुटुंबें आहेत, तेथें सक्ती नाहीं. परंतु १ जानेवारी २०१६ पासून असे टायर लावणाऱ्यास विम्याच्या हप्त्यांत सूट दिलीच पाहिजे, असा नियम आहे. विमा कंपन्या धर्मादाय करीत नाहींत. त्यांचा हिशेब काय सांगतो हें यावरून समजावें.

आतां चालविण्याविषयीं. मुंबईंत मोटार शिकलेल्या मनुष्याच्या अंगीं तीन संवयी असतात. पुढच्या गाडीला चिकटून जाणें, ऐन वेळीं ब्रेक दाबणें, आणि भोंगा वाजविला कीं आपलें कर्तव्य संपलें असें मानणें. घाटकोपरच्या गर्दींत या संवयी खपून जातात, कारण तेथें वेगच नसतो. बर्फावर पहिल्या दोन घातक आहेत व तिसरी निरुपयोगी. पुढच्या गाडीपासून नेहमींच्या तिप्पट-चौपट अंतर ठेवावें. ब्रेक, गति आणि वळण यांपैकीं एका वेळीं एकच गोष्ट, आणि तीही हलक्या हातापायानें करावी. गाडी घसरूं लागलीच, तर पाय काढून घेऊन, जिकडे जावयाचें आहे तिकडे दृष्टि ठेवून स्टीअरिंग तिकडेच फिरवावें. ज्या खांबाकडे माणूस भयानें टक लावून पाहतो, त्याच खांबावर तो जाऊन आदळतो. ब्रेकच्या पट्टीला थरथर जाणवली तर घाबरून पाय उचलूं नये; ती यंत्रणा आपलें काम करीत असते. पहिल्या हिमानंतर एखाद्या रिकाम्या पटांगणांत तासभर गाडी मुद्दाम घसरवून पाहणें ही तेथील जाणत्या लोकांची रीत आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे.

हें सर्व परदेशचेंच पुराण आहे असें कोणी समजूं नये. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, आणि रोहतांगची खिंड न चढतां मनालीहून पलीकडच्या लाहौलांत पोंचतां येऊं लागलें. उपनगरांतील मंडळीही हल्लीं आपापल्या उंच मोटारी घेऊन तिकडे जातात. यांतील पुष्कळ मोटारींचा रुबाब रानवाटेचा असला, तरी जोर दोनच चाकांना असतो. डिसेंबर २०२४ मध्यें सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान शेंकडों वाहनें अडकलीं होतीं. बर्फ असतां चाकांना साखळ्या बांधल्यावांचून, किंवा त्या भागांतील चालक घेतल्यावांचून, पुढें जाऊं नये. डिझेलच्या गाडीनें आणखी एक लक्षांत ठेवावें. साधें डिझेल कडक थंडींत मेणासारखें थिजतें. म्हणूनच लडाखसाठीं इंडियन ऑइलनें २०१९ मध्यें उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें निराळें डिझेल काढलें.

गाडी बर्फांत अडकली तर काय करावें, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. मागची धुराची नळी बर्फानें बुजली असतां इंजिन चालू ठेवलें, तर विषारी वायु आंत येतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, आणि माणसाला नुसती झोंप आल्यासारखें वाटतें. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी येथें हिमवादळांत अडकलेल्या मोटारींतून वीसहून अधिक माणसें दगावलीं. थंडीबरोबर या वायूचाही त्यांत हात असल्याचें सांगितलें गेलें. म्हणून आधीं उतरून नळी मोकळी करावी, ऊब थोडा थोडा वेळच चालू करावी, आणि खिडकी किंचित् उघडी ठेवावी. बंद गॅरेजमध्यें गाडी दुरून चालू करून तापविणें हाही तोच धोका. फावडें, घोंगडी, विजेरी, पाणी आणि डबाभर लाडू-चिवडा हिवाळाभर गाडींत असावा.

नातवंडांना सांभाळण्यासाठीं सहा-सहा महिने तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांसाठीं एक गोष्ट येथेंच सांगतों, कारण ती कोणी सांगत नाहीं. बाळाला जाड कोट घालून मग आसनाचे पट्टे आंवळूं नयेत. धक्का बसतांच कोटांतील कापूस दबतो, पट्टे सैल पडतात, आणि बाळ त्यांतून निसटूं शकतें. कोट काढावा, पट्टे अंगाबरोबर आंवळावे, आणि वरून घोंगडी पांघरावी. सूनबाई हें सांगते तेव्हां तिला "मेलें थंडीनें काकडेल" असें म्हणूं नये.

रस्त्यावर टाकलेलें मीठ उणे दहा-पंधरा अंशांपर्यंतच उपयोगी पडतें. पण गाडीचा पत्रा मात्र तें सर्व ऋतूंत खातें. कुर्ल्याच्या कारखान्यांतील जुन्या पद्मिनींचे तळ आपल्या खाऱ्या हवेनें कसे चाळणी होत, हें आमच्या पिढीला आठवत असेल. हिवाळ्यांत दर पंधरवड्यास गाडी खालून धुवून घेतली म्हणजे पुष्कळ बचाव होतो.

टायर बदलण्याची वेळ साधारण आपल्या दिवाळीच्या आगेमागें येते. पहिलें हिम पडलें कीं दुकानांतून रांगा लागतात व कित्येक दिवस वेळ मिळत नाहीं, म्हणून ऑक्टोबरांतच दिवस ठरवून ठेवावा. काढलेले टायर ठेवावयास जागा नसेल, तर पुष्कळ दुकानदार भाडें घेऊन ते सांभाळतात. एप्रिलमध्यें ते पुन्हा बदलावे, कारण मऊ रबर उन्हाळ्याच्या डांबरावर लवकर झिजतें. भाडेकरारानें घेतलेल्या मोटारीबरोबर हिवाळी टायर बहुधा मिळत नाहींत, वेगळे घ्यावे लागतात. परंतु करार संपून मोटार परत गेली तरी ते आपलेच राहतात, आणि माप जुळल्यास पुढच्या मोटारीला लागतात.