केमोथेरपीच्या काळातील प्रतिकारशक्ती: हळद, गुळवेल आणि ताप

केमोथेरपीचा पहिला डोस झाला की घरात एकच प्रश्न सुरू होतो: आता प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यायचे? हिंगोली जिल्ह्यात याचे उत्तर बहुधा घरातच तयार असते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे ढीग लागतात आणि बऱ्याच घरांत शेतातलीच हळद असते. मग हळदीचे दूध सुरू होते. भेटायला आलेले पाहुणे त्यात गुळवेलीच्या काढ्याची भर घालतात, कोणी गोळ्यांची बाटली आणून देते. यातले काय चालते आणि काय नाही, हे ठरवण्याआधी नेमकी कोणती शक्ती कमी होते ते समजून घ्या.

केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर काम करतात. कॅन्सरच्या पेशी वेगाने वाढतात, पण हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच वाढतात. म्हणून पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल या पेशी जंतूंशी सर्वांत आधी लढतात. बऱ्याच औषधांमध्ये डोस दिल्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल सर्वांत कमी होतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सावरतात. अनेक डोस २१ दिवसांच्या अंतराने देतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये घरचे लोक फक्त एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहतात. तेवढ्याने भागत नाही. एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील, तर प्रत्यक्षात न्यूट्रोफिल फक्त ४०० आहेत. ५०० च्या खाली संसर्गाचा धोका फार वाढतो. हा हिशेब घरातल्या एकाने तरी शिकून घ्यावा. या पेशी कोणत्याही काढ्याने वाढत नाहीत. त्या आपोआप वाढतात किंवा डॉक्टर त्यासाठी पोटावर अथवा दंडावर त्वचेखाली इंजेक्शन देतात. त्या इंजेक्शनने कंबर आणि हाडे दुखू शकतात. मगज कामाला लागल्यामुळे ते दुखणे असते, कॅन्सर पसरल्यामुळे नव्हे.

ताप आला तर थांबू नका

या लेखातले एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. केमोथेरपी सुरू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर ती तातडीची वेळ आहे, मग रुग्ण दिसायला कितीही ठीक असो. पेशी कमी असल्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, कफही दिसत नाही. ताप हीच एकमेव खूण असू शकते आणि काही तासांत रक्तदाब उतरू शकतो. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, असे उपचारांचे नियम सांगतात.

अडचण अंतराची आहे. उपचार छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चालू असतील, तर सेनगाव किंवा कळमनुरीहून ते दोनशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लांब आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे तर विचारायलाच नको. म्हणून पहिल्या डोसच्या वेळीच डॉक्टरांना विचारून ठेवा: रात्री ताप आला तर जवळचे कोणते रुग्णालय गाठायचे? हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय, की नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय? चालू औषधांची नावे आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

घरात थर्मामीटर हवाच. हात लावून ताप ठरवू नका. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, कारण ताप दबतो आणि संसर्ग वाढत राहतो. गावात कंबरेवर इंजेक्शन घेऊन वेळ घालवू नका. प्लेटलेट कमी असतील तर त्या जागी रक्त साकळू शकते.

हळद खावी का?

भाजीत, वरणात, फोडणीत नेहमीएवढी हळद खुशाल खा. ती सोडायची गरज नाही. प्रश्न आहे तो कॅप्सूलचा आणि चमचा-चमचा पावडर घेण्याचा. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. म्हणून गोळ्यांमध्ये मिऱ्यातला पायपरीन हा घटक मिसळतात. तो कर्क्युमिनबरोबर इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण बदलू शकतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, कर्क्युमिन आणि पायपरीन एकत्र घेतल्यावर औषधाच्या प्रभावी घटकाची पातळी घटलेली आढळली. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. कीमो पोर्टच्या किंवा सलाइनच्या नळीच्या जागेवर, ऑपरेशनच्या जखमेवर हळद भरू नका.

गुळवेलीबद्दल मी अधिक स्पष्ट बोलेन: केमोथेरपीच्या काळात घेऊ नका. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी व्यवहाराची अडचण उरतेच: यकृताचे आकडे वाढले की पुढचा डोस लांबतो. आधीच काही घेत असाल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून न सांगितलेला काढा जास्त त्रास देतो.

ताटात काय असावे

प्रतिकारशक्तीच्या पेशी प्रथिनांपासून बनतात. कॅन्सरच्या रुग्णाला रोज किलोमागे किमान १ ग्रॅम आणि जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलो वजनाला ५० ते ७५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.) एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. नुसत्या भाकरी-ठेच्यावर हा आकडा गाठता येत नाही. तुरीचे घट्ट वरण, पिठले, शेंगदाण्याची चटणी, दूध, पूर्ण उकडलेली अंडी, शिजवलेले सोयाबीन असे दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. तोंड आले असेल तर भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या, तिखट बंद ठेवा.

सगळे कच्चे बंद करण्याचे कडक पथ्य संसर्ग कमी करते, असे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. स्वच्छता मात्र हवी. पाणी उकळून गार केलेले, दूध तापवलेले, फळे धुऊन सोललेली. मोड आलेली मटकी शिजवून द्या, कच्ची नको. उघड्यावरचा उसाचा रस, बर्फ आणि रात्रीचे शिळे टाळा.

पाहुणे आणि शेत

आजारी माणसाला भेटायला जाणे आपल्याकडे कर्तव्य मानतात. पेशी कमी असलेल्या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्यांना फोनवरच बोलायला सांगा. वाईटपणा हवा तर डॉक्टरांच्या माथी मारा. हात धुण्याचा साबण दाराजवळ ठेवा.

हळद काढण्याच्या हंगामात शेतात खूप काम असते आणि रुग्णाचा जीव घरात रमत नाही. तरी ओल्या मातीत अनवाणी फिरणे, शेण काढणे, वाळलेली हळद पॉलिश होताना जवळ बसणे टाळा. धूळ आणि कुजलेल्या काडीकचऱ्यातली बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. सावलीत बसून हिशेब पाहणे, सकाळी थोडे चालणे चालेल; चालण्याने थकवा कमी होतो.

फ्लूची आणि न्यूमोनियाची लस शक्यतो केमोथेरपीच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. ते जमले नसेल तर केव्हा घ्यायची ते डॉक्टर सांगतील. घरातल्यांनीही फ्लूची लस घ्यावी. कांजिण्या, गोवर यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी रुग्णाला या काळात देत नाहीत.

‘प्रतिकारशक्तीनेच कॅन्सर मारू’ अशा जाहिराती तुमच्या मोबाइलवर येतील. कॅन्सरच्या पेशी आपल्याच शरीराच्या असतात आणि संरक्षक पेशींना ब्रेक लावून त्या लपतात. तो ब्रेक काढणारे खरे औषध आहे, त्याला इम्युनोथेरपी म्हणतात. टाटा रुग्णालयाने डोके आणि मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबचा अगदी कमी डोस नेहमीच्या गोळ्यांबरोबर देऊन पाहिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हे औषध प्रत्येक कॅन्सरला लागू पडत नाही. तुमच्या रुग्णाला ते उपयोगी आहे का, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या उपचारांपैकी काय बसते, हे पुढच्या भेटीत विचारा. ते आधीच सुरू असेल, तर सततचे जुलाब किंवा दम लागणे लगेच कळवा. त्या वेळी प्रतिकारशक्ती कमी नव्हे, गरजेपेक्षा जास्त झालेली असू शकते.