‘दुखतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

आज एका साध्या प्रश्नाबद्दल बोलू. डॉक्टर विचारतात, ‘दुखतं का?’ आपण ‘हो’ नाहीतर ‘नाही’ म्हणतो. घोळ इथंच होतो.

वेदना ज्याची त्यालाच कळते. मग ती दुसऱ्याला सांगायची कशी? तत्त्वज्ञानातलं हे जुनं कोडं. व्हिट्गेन्श्टाइनच्या १९५३ साली निघालेल्या ग्रंथात याची चर्चा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मूल पडतं, रडतं, आणि मोठी माणसं त्याला रडण्याच्या जागी शब्द शिकवतात. म्हणजे वेदना माझी एकट्याची वाटली, तरी तिचा शब्द आपल्या सगळ्यांचा असतो.

आता आपले शब्द बघा. ‘कळ’ येते आणि जाते. आतडं, मूत्रवाहिनी, गर्भाशय हे पोकळ अवयव आवळतात, सैल होतात, म्हणून ती लाटेसारखी येते. मूतखड्याची कळ, बाळंतपणाच्या कळा. पिकलेलं गळू ‘ठसठसतं’, नाडीच्या ठोक्याबरोबर. कापूस वेचून उठताना कंबरेत ‘चमक’ निघते. तळपायाची ‘आग’, ‘मुंग्या’, ‘झिणझिण्या’ म्हटलं की डॉक्टरांचं लक्ष नसांकडे जातं. मधुमेह असेल तर जास्तच. म्हणजे शब्दातच निम्मं निदान असतं.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ७८ शब्द, २० गटांत. किती दुखतं एवढं पुरत नाही, कसं दुखतं तेही विचारलं पाहिजे, हा त्यामागचा विचार.

हे पांडित्य कशासाठी? समजा, आपल्या बोरीतल्या एखाद्या म्हातारीला कोणी विचारलं, ‘छातीत दुखतं का?’ ती म्हणेल, ‘नाही जी, दुखत नाही. नुसतं जड वाटून रायलं.’ ती खरंच सांगते आहे. हृदयविकाराच्या झटक्यात पुष्कळांना दुखत नाही. दाब वाटतो, आवळल्यासारखं होतं, घाम फुटतो, धाप लागते. पण ऐकणाऱ्यानं फक्त ‘नाही’ ऐकलं, तर मोलाचा वेळ जातो. अशा वेळी ‘गॅस असंल’ म्हणून बसू नका, १०८ ला फोन लावा.

एरवी दवाखान्यात गेलात की चार गोष्टी सांगा: कुठं, कसं, केव्हापासून, कशानं वाढतं. आणि आपल्या वऱ्हाडीतच सांगा. डॉक्टरांना शब्द कळला नाही तर ते विचारतील.